पाठीवरचा शिक्का

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून द्यावी, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम मी कपाटातून एक लिफाफा बाहेर काढला. साधा, पिवळसर पडलेला लिफाफा. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे टपाल तिकिटे असावयाची, तिथे कात्रीने कापलेले चौकोनी भोक आहे. ते भोक मी पाडलेले आहे. डिसेंबर १९७१ मध्ये, आपल्या शाळेच्या वसतिगृहात, सातवीत असताना. त्यानंतर मी टपाल खात्यात नोकरी केली, लिफाफे आणि शिक्के जमवले, आणि एका युद्धनौकेच्या टपालाचा माग काढण्यात आयुष्याची फावली वेळ घालवली. या साऱ्याची सुरुवात त्या भोकापासून झाली. त्याची हकीकत शाळेच्या ऋणाचीही हकीकत आहे, म्हणून ती इथे सांगतो.

आंबागडच्या किल्ल्याखालच्या वस्तीत माझे आजोळ. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात राजा खान पठाणाने बांधलेला हा किल्ला आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या सहलीत चढलेला आहे. वर उभे राहिले की सातपुड्याच्या पायथ्याची झाडी दिसते. याच मुलखाच्या पोटात मँगनीज आहे. चिखला आणि डोंगरी बुजरुक या खाणींवर आमच्या तीन पिढ्या राबल्या. आजोबा खाणीत होते, वडील खाणीत होते. मामांनी मात्र दहावीनंतर वेगळी वाट धरली. ते नौदलात भरती झाले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या केंद्रात त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि स्टोकर म्हणून जहाजाच्या बॉयलरखान्यात रुजू झाले.

आजीला हे जहाज प्रकरण कधीच नीट समजले नाही. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. मामा तिला समजावून सांगत, की आपल्या तुमसरचे मँगनीज रेल्वेने विशाखापट्टणमला जाते आणि तिथून बोटीने परदेशी. ते बंदर १९३३ साली खुले झाले, तेव्हा मध्य प्रांतातल्या मँगनीजला समुद्राचा जवळचा रस्ता मिळावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. चांगले पोलाद मँगनीजवाचून होत नाही आणि युद्धनौका पोलादाची असते. "माय, बाबानं खोदलेल्या दगडावरच मी बसलो आहो," असे मामा म्हणत, आणि आजी पदराआड हसत असे. तिच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

वसतिगृहात मला तिकिटे जमवण्याचा नाद लागला तो आमच्या अधीक्षक सरांमुळे. सरांच्या वहीत बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी, १९५६ साली निघालेली दोन्ही तिकिटे होती, दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे. १४ एप्रिल १९६६ रोजी निघालेले बाबासाहेबांचे पंधरा पैशांचे तिकीटही होते. रविवारी दुपारी सर ती वही उघडत आणि आम्ही हात मागे बांधून ती पाहत असू. आमच्यापैकी अनेकांनी बाबासाहेबांचे चित्र घरातल्या भिंतीवर पाहिले होते. ते सरकारच्या तिकिटावर आहे आणि त्यावर देशातल्या कुठल्याही गावी पत्र जाते, याचे त्या वयातही आम्हाला अप्रूप वाटे. तिकीट लिफाफ्यासकट कापून कोमट पाण्यात भिजत घालावे, कागद आपोआप सुटला की तिकीट पालथे करून वाळवावे, ही रीत सरांनीच शिकवली.

मामांचे पत्र महिन्या दीड महिन्याने येई. घरात वाचणारा मीच. त्यामुळे पत्र आले की आजी ते पदराच्या गाठीत बांधून वसतिगृहाच्या फाटकाशी येई, आणि चिंचेखालच्या ओट्यावर बसून मी ते तिला वाचून दाखवी. तिची एक सवय होती. मजकूर ऐकण्याआधी ती विचारी, "बाबू, शिक्का कोनत्या तारखेचा आहे?" हे तिला मामांनीच शिकवले होते. ते पत्रावर तारीख घालीत नसत. जहाजावरचे टपाल मागेपुढे होते, तेव्हा शिक्क्यावरची तारीख पाहावी, त्या दिवशी मी खुशाल होतो एवढे धरून चालावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. पत्र पाठवायचे तर पत्त्यात जहाजाचे नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, एवढेच लिहायचे. जहाज कुठल्या समुद्रात आहे ते त्यावरून कुणालाच कळत नसे. जहाजाचे नाव मात्र आम्हाला पाठ होते. आयएनएस राजपूत.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. वसतिगृहातल्या रेडिओभोवती आम्ही रोज गोळा होत असू. नौदलाने कराचीवर मारा केल्याच्या बातमीने आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आपली एक युद्धनौका बुडाल्याची कुजबुज पसरली. ती खुकरी होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात ती बुडाली, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला तिच्यासोबत गेले, आणि १८ अधिकारी व १७६ खलाशांना जलसमाधी मिळाली. हा तपशील आम्हाला पुढे कळला. त्या आठवड्यात वस्तीत पोहोचले ते एवढेच, की जहाज बुडाले. कुठले, ते प्रत्येकजण आपल्या भीतीप्रमाणे सांगत होता.

१४ डिसेंबरला, मंगळवारी, आजी फाटकाशी आली. उन्हात चालून तिचा चेहरा काळवंडला होता. तिने गाठ सोडली आणि लिफाफा माझ्या हाती दिला. वीस पैशांचे, लढाऊ विमानाचे तिकीट होते. शेजारी शरणार्थी साहाय्याचे पाच पैशांचे लाल तिकीट होते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून पत्रांवर हा जादा आकार बसवला होता. दोन्ही तिकिटांवर काळाकुळकुळीत, ठसठशीत शिक्का उमटला होता. विशाखापट्टणम, ३ डिसेंबर.

"शिक्का कोनत्या तारखेचा आहे, बाबू?"

३ डिसेंबर म्हणजे युद्धाला तोंड फुटले तोच दिवस. या पत्रावरून काहीच सिद्ध होत नव्हते. मी आजीकडे पाहिले. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "दहा तारखेचा."

ती ओट्यावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाच आता." पत्रात चार ओळी होत्या. मी बरा आहे, थंडीत माय खोकत असेल, तिला वैद्याकडे न्यावे, पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो. आजी लिफाफा परत नेणार होती. तो तिने कुणा शिकलेल्या माणसाला दाखवला असता तर माझे खोटे उघडे पडले असते. मी म्हणालो, "आजी, तिकिटं मला पाहिजेत." तिने हसून लिफाफा माझ्याकडेच ठेवला. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी तो कोपरा कापला. सोबतच्या मुलांना वाटले, याचा तिकिटांचा नाद हाताबाहेर गेला. ते तसे वाटावे, हेच मला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले आणि चौथ्या शीलाशी माझा आवाज बसला. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा मी रोज दोनदा म्हणत होतो, पण तिच्यातला प्रत्येक शब्द त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला. पुढचे तीन आठवडे वस्तीत आजी ज्याला त्याला सांगत होती, की माझा लेक दहा तारखेला खुशाल होता. ते ऐकून लोक तिच्याकडे दिलासा घ्यायला येत. त्या दिलाशाखाली काही नाही, हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मामांचे दुसरे पत्र आले. त्या पत्रावरची तारीख मी खरी वाचली. मला जेवण गेले ते त्या दिवसापासून.

सरांनी मात्र मला पकडले. एका रविवारी माझी वही चाळताना त्यांना ती दोन तिकिटे दिसली. मी ती भिजवली नव्हती, कागदासकट चिकटवली होती. सरांनी शिक्का वाचला, माझ्याकडे पाहिले. वस्तीतली गोष्ट त्यांच्याही कानावर होती. मी सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत, आणि चांगले केलेस असेही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आजीला केव्हा सांगायचे ते तुझे तू ठरव. पण तो कापलेला लिफाफा फेकू नकोस, आणि हा तुकडाही नाही. दोन्ही जपून ठेव." मी ते ऐकले. त्यांच्या सांगण्यातले हे एक मी आजवर मोडलेले नाही.

पुढे मी टपाल खात्यात लागलो आणि शिक्का हा माझ्या रोजच्या हातचा झाला. तेव्हा कळले, की तिकीट सुटे करून मी लहानपणी किती पुरावे नष्ट केले होते. तिकिटे लाखांनी छापतात आणि ती सारखीच असतात. लिफाफ्यावर मात्र कुणी, कुणाला, कुठून, केव्हा आणि कोणत्या वाटेने, हे सारे एकत्र असते. युद्धकाळात तर शिक्क्याने काय सांगायचे नाही, हेही ठरवलेले असते. मामांची राजपूत ही मुळात ब्रिटिशांची विनाशिका. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथे १९४२ साली तिचे जलावतरण झाले, तेव्हा तिचे नाव एचएमएस रॉदरहॅम होते. दुसऱ्या महायुद्धात ती हिंदी महासागरात लढली आणि १९४९ साली आपल्या नौदलात येऊन राजपूत झाली. तिच्यासोबत आलेल्या दोन विनाशिकांची नावे रणजित आणि राणा. ब्रिटिश जहाजांवरून त्या काळी गेलेल्या पत्रांवर जहाजाचे नाव नसे. हे टपाल शाही नौकेवरून आले आहे, एवढेच सांगणारा सामान्य शिक्का आणि सेन्सॉरची खूण असे. अमेरिकन युद्धनौकांवर स्वतःची टपाल कार्यालये होती आणि शिक्क्यात जहाजाचे नाव असे. पण युद्धात उतरल्यावर तेही काढून टाकण्यात आले. त्यामुळे रॉदरहॅमचे पत्र ओळखायचे तर ते जहाजाकडे गेलेले असले पाहिजे, म्हणजे पत्त्यात तिचे नाव सापडते. मुलाकडून आईला गेलेले पत्र मुके असते, आईकडून मुलाला गेलेले बोलते. अशी काही पाकिटे मी नागपूर आणि मुंबईच्या तिकीट विक्रेत्यांकडून, प्रदर्शनांतून, पगारातली बचत घालून मिळवली.

त्याच शोधात मी ३ डिसेंबरच्या रात्रीविषयी वाचत गेलो. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत दूर अंदमानकडे होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी शत्रूला चकवण्यासाठी जुन्या राजपूतला विक्रांतचे सोंग दिले. तिने बिनतारी संदेशांचा गजबजाट करायचा, म्हणजे शत्रूला वाटावे, की विक्रांत इथेच आहे. मध्यरात्रीनंतर लगेच विशाखापट्टणमच्या किनाऱ्याला प्रचंड स्फोटाचा हादरा बसला. गाझी तळाला गेली होती. बंदरातून बाहेर पडलेल्या राजपूतने संशयित जागी डेप्थ चार्ज टाकले होते. गाझी त्यांनी बुडाली, असे आपले नौदल मानते. तिच्या स्वतःच्याच सुरुंगांचा किंवा अंतर्गत स्फोटाचा तो परिणाम होता, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. आतले नव्वदहून अधिक खलाशी गेले, याबद्दल मात्र दोन्हीकडे वाद नाही.

कृष्णन यांनी पुढे आपल्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. त्यातल्या दोन गोष्टी वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. पहिली अशी, की विक्रांत जवळच आहे असे भासवण्यासाठी त्यांनी मुद्दाम एक उघडा संदेश पाठवू दिला होता. विक्रांतवरच्या कुणा खलाशाने आपल्या आजारी आईची विचारपूस करणारी जणू खाजगी तार. असा खलाशी नव्हता आणि अशी तारही खरी नव्हती. आईची काळजी हे सोंग शत्रूला सर्वात खरे वाटेल, हे त्यांनी ओळखले होते. दुसरी गोष्ट अशी, की समुद्रातून वर आलेल्या एका पाकिस्तानी खलाशाच्या खिशात, त्याने आपल्या वाग्दत्त वधूला उर्दूत लिहिलेले पत्र सापडले. ते टपालात पडलेच नव्हते. त्यावर कुठलाही शिक्का नव्हता.

माझ्या संग्रहात शेकड्यांनी लिफाफे आहेत. त्या पत्राची जागा मी मनाने मोकळी ठेवलेली आहे. कुठल्याशा गावी एक मुलगी आणि बहुधा एक म्हातारी डाकियाची वाट पाहत असेल. तिच्या नातवाला खोटी तारीख वाचायचीही संधी मिळाली नाही, कारण वाचायला लिफाफाच नव्हता. आमच्या रेडिओभोवती वाजलेल्या टाळ्या मला त्यानंतर वेगळ्या ऐकू येऊ लागल्या. वैराने वैर शमत नाही, हे आपण प्रार्थनेत म्हणत होतो. त्याचा अर्थ मला एका न टाकलेल्या पत्राने शिकवला.

मामा १९७२ च्या भीमजयंतीला रजेवर आले तेव्हा मी त्यांना त्या रात्रीविषयी विचारले होते. ते म्हणाले, "आम्ही खाली बॉयलरजवळ. वर काय चाललं ते आवाजावरून कळे. धडाका झाला, दिवे हलले, आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कामाला लागलो." याहून अधिक ते कधी बोलले नाहीत. निवृत्तीनंतर खूप वर्षांनी मी त्यांना लिफाफ्याची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "दहा तारखेला मी खरोखरच बरा होतो. मग तू खोटं काय बोललास?"

मी म्हणालो, "मामा, पण मला ते ठाऊक नव्हतं."

ते हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि लिफाफा परत माझ्या हाती दिला. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. माझे वाक्य योगायोगाने खरे ठरले, तरी ते उच्चारताना मी खोटेच बोललो होतो. आणि ते करुणेने बोललो, की तिच्या चेहऱ्यावरची भीती मला सोसवेना म्हणून बोललो, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. आजीला मी अखेरपर्यंत सांगितले नाही. ती गेली तेव्हाही तिच्या लेखी तिचा लेक दहा तारखेला खुशाल होता.

जुनी राजपूत १९७६ साली सेवेतून निवृत्त झाली. तिचे नाव मिळालेली दुसरी विनाशिका १९८० साली दाखल झाली आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे तिचाही ध्वज उतरवण्यात आला. मला तिथे जायचे होते, पण महामारीचे दिवस होते. त्या दिवशी मी तुमसरच्या टपाल कार्यालयात गेलो, स्वतःच्याच पत्त्यावर एक पाकीट टाकले आणि त्यावर त्या तारखेचा शिक्का घेतला. मामा तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या नावाने तेवढे एक पाकीट.

आता थोडे व्यवहाराचे. माझा हा संग्रह मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. त्यात रॉदरहॅमकडे गेलेली पाकिटे आहेत, राजपूतच्या पत्त्यावरची आजीने माझ्या हस्ताक्षरात पाठवलेली आणि मामांनी जपलेली पत्रे आहेत. शेवटच्या पानावर तो कापलेला लिफाफा आणि कापलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवले आहेत. मी ते जोडलेले नाहीत, आणि विद्यार्थ्यांनीही जोडू नयेत. तुकड्यावर विशाखापट्टणम, ३ डिसेंबर असे स्पष्ट वाचता येते. लिफाफा उलटा केला की पाठीवर पोहोचल्याचा दुसरा शिक्का आहे. तुमसर, १३ डिसेंबर १९७१. दहा दिवसांची वाट. त्या रात्री कात्री चालवताना पाठीवरही शिक्का असतो, हे मला ठाऊक नव्हते. तो तिथे राहिला.

आजीच्या पदराची गाठ, चिंचेखालचा ओटा आणि सरांची रविवारची वही या तिन्ही गोष्टी आता उरलेल्या नाहीत. चिंचेच्या जागी नवी वर्गखोली झाली आहे, आणि ते योग्यच आहे. त्या खोलीत बसणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती करतो. घरी जुनी पत्रे असतील तर त्यांची तिकिटे कापू नका. लिफाफा आख्खा ठेवा, उलटून पाहा, आणि घरातल्या वाचता न येणाऱ्या माणसाला तो वाचून दाखवताना तारीख आहे तीच सांगा. मग त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. मला ते त्या दिवशी सुचले नाही.